खालून जळालेल्या फळ्या

३ नोव्हेंबर, सोमवार

अक्षर चांगलं असणं हा शापच आहे! तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिले, निवृत्त झाले, तरी सुटका नाही. आज दंतवैद्य घरी आले – जुन्या थिएटरचं वाचनालय करायला निघालेल्या समितीचे तेच अध्यक्ष. दाराशीच इमारतीचा इतिहास लावायचाय म्हणे, मोठ्या फलकावर, माझ्या अक्षरात. वीस तारखेला उद्घाटन.

तोंडावर नाही म्हणता येईना. माझे बाबा तिथले ऑपरेटर होते, वर मशीन रूममध्ये रिळं चढवायचे, म्हणून तर दंतवैद्य माझ्याकडे आले. आणि थिएटरला आग लागली तेव्हा बाबांना डुलकी लागली होती, हेही त्यांना ठाऊक असणारच. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नऊ वर्षांची होते तेव्हापासून मी 'डुलक्याची मुलगी'. आता साठीची झाले, तरी जुनी माणसं अजून तशीच ओळख करून देतात.

४ नोव्हेंबर

आईला काही बोलले नाही. एक्क्याऐंशी वर्षांची आहे ती. थिएटरचं नाव निघालं की अजूनही उठून आत जाते. बाबांना लागलेला बट्टा तिला सोसत नाही.

७ नोव्हेंबर

बॅटरीमामांकडे जाऊन आले. थिएटरचे डोअरकीपर, अंधारात बॅटरी मारून लोकांना जागा दाखवायचे. नव्वदीला टेकलेत, पण जीभ चुरुचुरु चालते. मुळात तिथं धान्याचं गोदाम होतं, म्हणून भिंती इतक्या जाड. मग कुणीतरी एका टोकाला पडदा लावला आणि बाकं टाकली. धान्य गेलं, उंदीर राहिले! लोक पाय वर घेऊन सिनेमा बघायचे. पुढे बाल्कनी बांधली, ती चार लोखंडी खांबांवर. खांबामागे बसणाऱ्याला अर्धाच हिरो दिसायचा, तरी तीच जागा आधी भरायची – का, ते मामांनी हसून सांगायचं टाळलं. आगीनंतर वर्षभर बंद, मग पुन्हा सुरू, पण ती रया गेली ती गेलीच. नंतर फर्निचरचं दुकान, आणि शेवटी कुलूप.

आगीचं विचारलं तर मामा खाली बघायला लागले. दुपारचा खेळ होता म्हणाले. मशीन रूमच्या झरोक्यातून धूर आला, त्यांनी सगळी दारं उघडली, चारशे माणसं सुखरूप बाहेर पडली. मागे राहिल्या त्या फक्त चपला. मग हळूच म्हणाले, "तुझा बाप देवमाणूस होता गं. पण झोप कुणाला चुकलीय?"

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

८ नोव्हेंबर

दंतवैद्यांचा फोन. आगीवर दोन ओळी हव्यातच म्हणाले, लोकांना असलं वाचायला आवडतं. 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे आग लागली' – एवढंच लिहा, नाव घालू नका. किती गोड बोलणं! दाढ उपटतानाही असंच बोलतात. नाव कशाला हवंय? ऑपरेटर एकच होता.

म्हणजे बाबांचा बट्टा मी माझ्या हातानं भिंतीवर लिहायचा. वळणदार अक्षरात.

९ नोव्हेंबर

गोदाम लिहून झालं. बाल्कनी झाली. आगीपाशी पेन अडलं ते अडलंच.

१० नोव्हेंबर

नाही लिहिणार. उद्या जाऊन तोंडावर सांगते.

११ नोव्हेंबर

आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

नाही सांगायला थिएटरात गेले. दंतवैद्य आले नव्हते. सुतार मालकांच्या जुन्या खोलीतलं भिंतीतलं कपाट काढत होता. मला बघून म्हणाला, "इतिहासवाल्या बाई तुम्हीच ना? हे मागं सापडलं." धुळीनं माखलेली फाइल माझ्या हातात दिली आणि पुन्हा ठोकाठोकी सुरू.

फाइलमध्ये अग्निशमन दलाचा अहवाल. आगीनंतर अठरा दिवसांनी लिहिलेला, खाली सही-शिक्का. उभ्यानंच वाचला. आग मशीन रूमच्या खालच्या अडगळीच्या खोलीत लागली. जुन्या बॅनरच्या ढिगामागे वायरिंग जळालं, तिथून ती लाकडी फळ्यांतून वर चढली. पुरावाही दिलाय – मशीन रूमच्या जमिनीच्या फळ्या खालच्या अंगानं कोळसा झाल्या होत्या, वरचं अंग नुसतं काळवंडलेलं. आणि शेवटी: वायरिंग बदलण्याबद्दल मालकांना आधी तीनदा लेखी कळवलं होतं.

तीनदा! मालकांनी कागद कपाटामागे कोंबला आणि बाबांची डुलकी गावभर केली. बाबा झोपलेले असोत की जागे, आग लागणारच होती.

मी खाली बसले. सुतारानं पाणी आणून दिलं.

१२ नोव्हेंबर

दंतवैद्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग म्हणाले, "बाई, मी तुमच्याकडून केवढं मोठं पाप करून घेत होतो!" माणूस वाईट नाही. फलकावर आता वायरिंग येणार. बॅटरीमामांना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या घराघरांत त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. काठी टेकत.

छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं कधी वाटलं होतं आठवत नाही. दुपारी ताणून दिली, चांगले दोन तास – डुलक्याचीच मुलगी!

एकच सलतंय. सोळा वर्षांची असताना बाबांवर ओरडले होते, झोपलातच कसे म्हणून. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चूक झाली बाळा." बारा वर्षं झाली त्यांना जाऊन. हा कागद हातात धरून आज त्यांची माफी मागितली.

आई जपाला बसावी तशी खिडकीशी बसून होती, तिला आज काही सांगितलं नाही. उद्या निवांत वाचून दाखवीन.

१३ नोव्हेंबर

सकाळी आईला अहवाल वाचून दाखवला. तिनं फळ्यांचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्या दिवशी तुझे बाबा वर नव्हतेच. तापानं फणफणले होते, घरात पडून होते. खेळ बुडाला असता तर नोकरी गेली असती, म्हणून मागच्या जिन्यानं मी गेले. डबा द्यायला जाऊन जाऊन मशीन शिकले होते. धूर झाला तशी त्याच जिन्यानं बाहेर पडले. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांडीचा तापलेला तुकडा मीच कुठंतरी टाकला असणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. बंबाचा आवाज ऐकून ते तापातच धावत आले आणि मालकांना म्हणाले, 'मीच होतो, डोळा लागला.'"

तिनं माझा हात घट्ट धरला.

"म्हणजे माझ्या हातून नाही ना झालं?"