हट्ट्याच्या हळदीला गॅसची सवलत

८ फेब्रुवारी
आमच्या हट्टा गावात हळद काढणीला आली. हळद शिजवायला यंदाचं हे शेवटचं लाकडाचं चुलाण. जिल्ह्यातून गॅसची पाइपलाइन जाणार, पेपरात आलंय. तिच्यातून गॅस नेण्याच्या भाड्यात सवलत कशी ठरवावी, यावर दिल्लीच्या नियामक मंडळाने सूचना मागवल्यात. देशात विचार करणारी माणसं कमी. मी पाठवणार.
चुलाणापाशी बसून बायको, मंजुळा, फार खोकते. पण तिला धुराची सवय आहे.

१२ फेब्रुवारी
मसुदा वाचला. निवृत्त झालो तरी विज्ञानाचाच मास्तर मी! पाइपमध्ये पक्की जागा घेणाऱ्याचा गॅस कधी बंद नाही. त्याला पूर्ण भाडं. गर्दी झाली की ज्याचा गॅस तोडता येतो, त्याला सवलत. किती? तोडण्याची शक्यता जेवढी, तेवढी. मंडळाचं घोडं इथेच अडलंय. मला चहा पिता पिता जमलं.
शेजारचा वैजनाथ म्हणाला, गुरुजी, मी शेतात बॉयलर लावून राहिलो, तुमची हळदबी शिजवून देतो, वैनीला धूर नको. नाही म्हटलं. तात्पुरत्या सोयींनी माणूस आळशी होतो.

२० फेब्रुवारी
मंजुळाला दम लागला. डॉक्टर म्हणाले, धूर बंद. माझंही तेच म्हणणं! सूचनेत एक परिच्छेद वाढवला.
पाइप कवा येईल, तिने विचारलं. आधी सवलत, मग पाइप, म्हटलं. ती परसातल्या चुलाणात लाकडं सारायला गेली.

३ मार्च
सूचना पाठवली. हट्ट्याचा गॅस केव्हाही तोडा, हळद थांबेल, सवलत मात्र घसघशीत द्या.
पोच नाही. वाचत असतील.

११ मार्च
मंजुळाला हिंगोलीला दवाखान्यात नेलं. तिथून आमच्या लेकीकडे, प्रतिक्षाकडे. थोडेच दिवस. घरात शांतता. लिखाण होईल.
झालं नाही.

१९ मार्च
उरलेली हळद शिजवायला स्वतः बसलो. डोळ्यांतून पाणी, छातीत जाळ. ही कशी बसत होती? राहिलेली वैजनाथकडे धाडली. शिजून आलीसुद्धा.

२२ मार्च
चुलाण फोडलं. मंजुळाला आणायला गेलो. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. चुलाण मोडलं, चल घरी, म्हटलं. तिने नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाली, हे आधी काहून न्हाई केलं?
मी मंडळाचं सांगू लागलो. प्रतिक्षा म्हणाली, बाबा, मशीन लाइटवर चालतं, तुमच्याकडं लाइट कवाबी जाती. इन्व्हर्टर घेतो, म्हटलं. मंजुळा म्हणाली, तुमी नुसतं घेतो म्हंता.

६ जून, दुपार
मंडळाचा निकाल आला! ज्यांचा पुरवठा केव्हाही तोडता येतो, त्यांना सवलत. माझाच मुद्दा. माझं नाव कुठे नाही, असू दे. सोबत नकाशा आहे. पाइपलाइन हट्ट्यावरून जात नाही.
मंजुळाला सांगायला फोन लावला. प्रतिक्षा म्हणाली, आईला बोलायला दम पुरत न्हाई, तुमीच बोला. निकाल वाचून दाखवला. नकाशाचं सांगितलं नाही. इन्व्हर्टर बघून ठेवलाय, असंही म्हणालो. मध्येच आमची लाइट गेली, पंखा थांबला. मी फोन कानाला धरून बसलो. पलीकडे मशीन चालू होतं.