दाखिल-खारिजमधली यशवंतरावांची ओळ

मी, नीलेश हरिदास गजभिये, वय सत्तावीस, राहणार बीरगांव, रायपूर, धंदा भिंतींवर अक्षरं रंगवणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीनं लिहितो. कोणाची जबरदस्ती नाही. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची झडप नाही. ती बदलायला सोमवारी नागपूरला जायचं आहे. माझी शाळा हिंदीत, तीही दहावीपर्यंत. मराठी आईची. तेव्हा वकिलानं चुका काढू नयेत.

१. घर बाबांचं आहे, त्यावर मी काय लिहू. बँकेत जे असेल ते आईचं. तिनं ते कोणाच्या लग्नासाठी ठेवू नये, आपले दात करून घ्यावे.

२. ब्रश, शिडी, दोरी धर्मपालला. तो नऊ वर्षं माझी शिडी धरतो आहे. चार बोटांचा ब्रश डब्यात उभा ठेवू नको रे, केसांची मान मोडते. राजधानी झाल्यापासून या शहरात भिंती कमी पडल्या नाहीत. हरेक शाळेवर घोषणा. ‘हर बच्चा स्कूल जाएगा’ मी दोनशे वेळा तरी लिहिलं असेल. धमतरी, कोरबा, जिथं भिंत तिथं मी. जगदलपूरला तर एकदा... असो, ते इथलं नाही.

३. आता खरी मिळकत. ती म्हणजे एक कागद.

जातीचा दाखला मागायला गेलं की इथं पन्नास सालाच्या आधीचा पुरावा मागतात. तुमचे लोक तेव्हा इथंच होते कशावरून? आमचे आजोबा यशवंतराव इथंच शिकले, रेल्वेत लागले. त्यांचा शाळेचा कागद होता. ते गेल्यावर तो भास्करकाकांनी, बाबांच्या मोठ्या भावानं, आपल्याकडे ठेवला. मी दहावी झालो तेव्हा बाबा मला घेऊन, फॅक्टरीच्या कपड्यांतच, काकांकडे चौबे कॉलोनीत गेले.

“भाऊ, पोट्ट्याले आयटीआयले टाकाचं आहे. बाबांचा कागद पाह्यजे होता.”

“हरवला रे, हरिदास. घर बदललं त्यात गेला.”

शेजारच्या बाईंनी फाटकातून विचारलं, “कौन हैं, भाईसाहब?” काका म्हणाले, “फैक्ट्री का आदमी है.”

दारावर पाटी होती, बी. वाय. राव. कॉलोनीत त्यांना आंध्रचे समजतात. पुढच्या साली त्याच हरवलेल्या कागदावर काकांच्या ऋषिकेशला इंजिनिअरिंगची सीट मिळाली. मी शिडी घेतली.

मागल्या वर्षी तात्यापाऱ्याजवळची एक जुनी शाळा रंगवायला घेतली. कपाट सरकवलं तर मागं दाखिल-खारिज, म्हणजे मुलांची नावं घालण्या-काढण्याचं रजिस्टर. सन १९३८. दोन दिवस भिंत तशीच ठेवून मी पानं उलटत बसलो. यशवंत, वय आठ, जात महार, राहणार रायपूर. अक्षर फार सुंदर होतं. असा ‘य’ मला अजून जमत नाही. बड्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शिक्का मारून नक्कल दिली.

४. ती नक्कल मी घरी आणली नाही. वाटलं, आधी काकांच्या तोंडावर नेऊन मारीन. मग जगदलपूरचं काम आलं, आणि मी पिशवीत कागद घेऊन निघून गेलो. वर जगदलपूर सोडून दिलं, ते इथलंच होतं. अकरा महिने. तेवढ्यात माझी धाकटी बहीण सोनिया नर्सिंगला लागली आणि दाखल्यावाचून तिची सीट गेली.

“भैया, तुम्हारे बैग में ही था?”

“हव.”

ती चिडली नाही. पिशवी उलटी करून झटकली आणि वाळत घातली. काकांनी जे केलं तेच मीही केलं, हे इथं लिहून ठेवतो.

५. नक्कल सोनियाला. नर्सिंगचा नंबर यंदा पुन्हा लागला आहे. तीस जूनच्या आत दाखला जमा करायचा आहे. काल काका घरी आले होते.

“नीलेश, अर्ज केला का चौकशीवाले जात विचारत माझ्या दारात येतील. शर्मिष्ठाची बोलणी चालू आहेत. पोरीचं लग्न आहे बाबा. एक साल थांब ना.”

“एक साल तो रुक चुकी हूँ, काका,” सोनिया म्हणाली.

आईनं काकांना चहा दिला, तो निवला.

मी परत येवो न येवो, अर्ज करायचा. आणि घरातलं कोणतंही पोर, ऋषिकेशचंसुद्धा, कागद मागायला आलं तर द्यायचा. ‘हरवला’ म्हणायचं नाही.

६. भास्करकाकांना मी काही ठेवत नाही. हा राग नाही, रागाला आता दम पुरत नाही. ज्याला यातलं काही मिळत नाही त्यानंच साक्षीदार व्हावं, असं वकील म्हणाले. आईला मिळतं म्हणून बाबाही चालत नाहीत. घरात तसे काकाच आहेत. दुसरी जागा त्यांच्यासाठी सोडली आहे.

ठिकाण: बीरगांव, रायपूर
दिनांक: ९ जून २०११

लिहून देणार: नीलेश हरिदास गजभिये (सही)

साक्षीदार:
१. दिवाकर, शेजारी (सही)
२. भास्कर यशवंतराव गजभिये (सही)

खाडाखोडीबद्दल: साक्षीदार क्रमांक दोन यांनी आधी ‘बी. वाय. राव’ अशी सही केली होती. ती त्यांनीच खोडून वरील नाव लिहिलं. ही खाडाखोड माझ्या समोर झाली आणि मला मान्य आहे. नी. ह. ग.