कुलूप मी तोडलं

मी, खाली सही करणार, जिला घरीदारी सगळे ‘मोठी’ म्हणतात, धंदा शिवणकाम, शिक्षण चौथी आणि तीही पुरी नाही, आज वकिलांच्या ऑफिसात बसून, डोकं ठिकाणावर असताना आणि मागे कोणी काठी घेऊन उभं नसताना, हे माझ्या हातानं लिहून ठेवते. उद्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मग माझ्याकडून कागदावर सही का घेतली, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुरुवातीला मी ‘आम्ही’ लिहिलं होतं. वकील म्हणाले, “बाई, मृत्युपत्रात आम्ही चालत नाही. मी लिहा.” ही शिकवण मला दुसऱ्यांदा मिळाली. पहिल्यांदा मिळाली तेव्हा ऐकली नाही, त्याचं काय झालं ते कलम सहामध्ये आहे.

कलम एक. बँकेत जे असेल ते लेकीला. ती परगावी दवाखान्यात नर्स आहे, स्वतःचं कमावते, आईकडे कधी काही मागत नाही. म्हणून तिला. मागणाऱ्याचं पोट कधी भरत नाही. हे वाक्य दिराला मोठ्यानं वाचून दाखवावं.

कलम दोन. दिराला काही नाही. माझ्या पुढच्या खोलीत दुकान टाकायचं त्याच्या मनात आहे. मनातच टाकावं. तिथे जागा भरपूर मोकळी आहे.

कलम तीन. शिलाई मशीन आमच्या गल्लीतल्या त्या मुलीला, जिच्या नवऱ्यानं तिचं मशीन विकून खाल्लं. देताना ते जमिनीला बोल्ट मारून बसवून द्यावं. बोल्टचा खर्च माझ्या पैशातून.

कलम चार. (खोडलं आहे. का, ते कलम सातमध्ये.) पुढची खोली धाकटीला. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको, बायकांच्या संघटनेची पुढारी. याच खोलीत बायका जमतात, बोलायला शिकतात, अर्ज लिहितात आणि मग कचेरीत जाऊन साहेबाला घाम फोडतात. देताना जीव जळतो. पण माणसं तीच जमवते, खोटं कशाला बोलू.

कलम पाच. त्या खोलीतला मोठा फोटो. मधोमध धाकटी, हातात हार, आजूबाजूला साहेब मंडळी. उजव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. कोपर चांगलं आलं आहे. फोटो संघटनेचा, पण चौकट आणि काच मी घातली. फोटो काढून द्यावा, चौकट लेकीला.

कलम सहा. तुटलेलं कुलूप आणि कोळशाची इस्त्री. दोन्ही माझ्या पेटीत तळाशी आहेत.

आम्ही दोघी जावा ज्या कारखान्यात कपडे शिवायला जायचो, तिथे बायकांच्या संडासाला कुलूप असायचं. किल्ली मुकादमाच्या कमरेला. जायचं तर त्याच्या टेबलापुढे उभं राहून सगळ्यांदेखत मागायची. “परत? सकाळी काय विहीर पिऊन आलीस?” असं म्हणायचा आणि पुरुष हसायचे. आम्ही दिवसभर पाणी पिणंच सोडलं होतं. एक दिवस नवी आलेली पोर मागायला लाजली आणि बसल्या जागी भिजली. तेव्हाही हसले. मी समोरची इस्त्री उचलली आणि संडासाकडच्या बोळात शिरले. धाकटी माझ्यामागे आली, तिनं बोळाचं दार आतून लोटून धरलं. मुकादम बाहेरून लाथा घालत होता. कुलूप हट्टी होतं, पण मी जास्त हट्टी. तुटल्यावर मागे वळून पाहिलं तर हिची करंगळी दाराच्या फटीत चेचलेली, आणि ही दार सोडत नव्हती. ती करंगळी अजून वाकडी आहे.

मुकादमाकडे ती किल्ली अजून असेल तर त्यानं जपून ठेवावी. म्हातारपणी कान कोरायला होईल.

त्या दिवसातून संघटना निघाली. मग शहरातून एक बाई पुढारी घडवायचं शिबिर घ्यायला आल्या. सगळ्यांना गोल बसवून म्हणाल्या, आपापली गोष्ट सांगा. मी उठले. म्हटलं, “आम्ही कुलूप तोडलं.”

“आम्ही नाही, ताई. मी म्हणा. बायका जन्मभर आम्हीच्या पदराआड लपतात.”

“एकटीनं कुठे तोडलं? हिचं बोट बघा की.”

“तरी एकदा म्हणून तर बघा.”

मला राग आला. मी खाली बसले. मग धाकटी उठली, घसा खाकरला आणि म्हणाली, “मी कुलूप तोडलं.” टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणते, “अहो ताई, सरावापुरतं होतं ते. तुम्ही रुसून बसलात. कोणीतरी सांगायला नको?” तो सराव अजून चालू आहे. निवड तिची झाली, पुढची शिबिरं तिची, गाडीतली पुढची सीट तिची. आता तिच्या गोष्टीत इस्त्रीचा हातोडा झाला आहे आणि एका मुकादमाचे तीन. मी त्याच खोलीत सतरंज्या घालते. माझी गोष्ट ऐकून बायका डोळे पुसतात तेव्हा मी पडद्यामागे चहा गाळत असते. मागे एक नवी मुलगी मला म्हणाली, “मावशी, तुम्ही पण त्यांच्याकडून थोडं धाडस शिका ना.” तिच्या कपात साखर घातली नाही. एवढंच करता आलं.

कलम सात. धाकटीला मी आज साक्षीदार म्हणून आणलं. त्या बोळात मी आणि ती, तिसरं कोणी नव्हतं. कुलूप मी तोडलं याला जगात तेवढी एकच साक्ष आहे. वकील म्हणतात, साक्षीदार सहीचा असतो, कुलपाचा नसतो. माझ्या कागदावर कुलपाचाही आहे.

पण वरचं वाचून त्यांनी चष्मा काढला. “हिला खोली देताय ना? ज्याला मिळतं त्याचीच साक्ष घेतली तर उद्या दीर कोर्टात जाईल आणि खोली लटकेल. काहीतरी एक ठरवा.”

मी म्हटलं, मी कशाला ठरवू? हिला विचारा. खोली हवी की सही करतेस? सही केलीस तर खोली संघटनेच्या सगळ्या बायकांची, दारावर एकीच्या नावाची पाटी नाही.

“ताई, हा छळ आहे.”

“आहे.”

“पाटी मी रंगवून आणली आहे हो.”

“मागून कोरी असेल. उलटी लाव.”

“आणि पुढच्या महिन्यात मला परदेशात बोलायला बोलावलंय. तिथे काय सांगू? कुलूप जाऊबाईंनी तोडलं, मी नुसती उभी होते?”

“अगं बिनडोके, दार कोणी धरलं? माझ्या हातात इस्त्री तरी होती. तुझ्या हातात काय होतं? बोट चेचलं तरी हललीस का तू? ते एकदाही कोणाला सांगितलं नाहीस. घरचं सोनं चुलीमागे टाकून माझं पितळ मिरवत फिरलीस.”

“दार धरणाऱ्याला कोण टाळ्या वाजवतं, ताई?”

“सांगितल्याशिवाय कसं कळणार?”

ती करंगळी चोळत बसली. वकिलांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी म्हणाली, “पेन द्या.”

पेन माझ्याकडे आहे, म्हणून आधी कलम चार खोडते. खोडलं. खोली सगळ्या बायकांची. एवढं एक कलम ‘आम्ही’ म्हणूनच वाचावं, वकिलांना चालो न चालो. कुलूप खोलीत खिळ्याला टांगावं. इस्त्री धाकटीच्या नावानं लिहायची होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही. कायदा चांगला आहे. इस्त्री लेकीला.

याआधी मी कुठे काही लिहून दिलं असेल तर ते रद्द. यानंतर कोणी माझ्या नावानं काही सांगितलं तर तेही.

साक्षीदारांत पहिली सही ऑफिसातल्या टायपिस्टबाईंची, धाकटीची दुसरी. एकदा तरी तिचा नंबर दुसरा लागू दे. तिचं अक्षर वळणदार आहे, त्याला माझा इलाज नाही. सही माझ्यापेक्षा मोठी करू नये.

ठिकाण: वकिलांचं ऑफिस, जिन्यावरून वर, पंखा बंद.
दिनांक: बुधवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

सही: मोठी

साक्षीदार पहिली, टायपिस्ट: मोठीबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, आवाजावरून खात्री पटली.

साक्षीदार दुसरी, धाकटी: मी त्या बोळात होते. कुलूप ताईंनी तोडलं, इस्त्रीनं. मुकादम एकच होता. दार मी धरलं होतं.