लहानूची गाडी का पेटली नाही

चंद्रपूर

प्रिय राजदीप,

जय भीम. तू परवा फोनवर म्हणालास, काका, धानोऱ्याला जाऊन आलात, काय खर्च आला ते सांगा, लगेच पाठवतो. तर घे हिशोब. माझा एक रविवार गेला. निशातनं ईदला घेतलेल्या शर्टाच्या बाहीला असं काळं ऑइल लागलं की आता तो शर्ट गॅरेजचाच झाला. मूलच्या पुढं रस्त्यानं माझी कंबर आणि माझ्या गाडीचं सस्पेन्शन, दोघांनाही त्यांचं वय सांगितलं. जमेच्या बाजूला तुझ्या आईच्या हातचा गावरानी कोंबडीचा रस्सा. तेव्हा फिटंफाट. पाठवण्यासारखं काही उरत नाही. मात्र त्या दिवशी एक गोष्ट अशी जाता जाता राहिली की ती गेली असती तर तुलाही भरून देता आली नसती, मलाही नाही. ती फोनवर सांगण्यातली नाही, म्हणून कितीतरी वर्षांनी पेन हातात धरला आहे. अक्षर मेकॅनिकचं आहे, समजून घे.

तुझं गणित मला पहिल्यापासून पटत होतं. तुझा बाप लहानू जाऊन वर्ष होत आलं. आई एकटी, तिला बीपीचा त्रास, तू पुण्यात, रात्री फोन वाजला की तुझ्या काळजात धस्स होणार. लहानूची गाडी गडचिरोलीच्या आदेशनं लग्नात नवरीसाठी भाड्यानं द्यायला विकत मागितली होती, तू त्याच्याकडून बयाणा म्हणून आगाऊ पैसेही घेतले होतेस. गाडी गेली की घराला कुलूप, कुलूप लागलं की आई पुण्याला. सगळं त्या एका गाडीवर येऊन थांबलं होतं आणि तीच नेमकी सुरू होईना. मीही तुला छातीवर हात ठेवून सांगितलं, अरे, गफ्फारनं हात लावलेली गाडी आजवर उभी राहिली नाही, रविवारी संध्याकाळी ती दारातून हललेली असेल. जटपुरा गेटजवळ पंक्चर काढून सुरुवात केलेल्या माणसाला एवढा गर्व शोभतो, असं मला वाटतं. जिशान म्हणाला, अब्बा, स्कॅनर घेऊन जा. मी म्हटलं, बेटा, लहानूच्या ॲम्बेसेडरला तुझी पिन खुपसायला जागाच नाही, तिथं कानच लागतात.

पोचलो तेव्हा अंगणभर मोहफुलं वाळत होती आणि त्यांच्यामधून वाट काढत तुझी आई आली. "या जी गफ्फारभाऊ, किती वाळले तुम्ही! निशातबाई जेवाले देत नाई का?" माझं पोट बघूनही हे म्हणायला तुझ्या आईचीच जीभ पाहिजे. आदेश आधीच येऊन खाटेवर बसला होता. चांगला पोरगा आहे, गाडीभोवती फिरून फिरून फोटो काढत होता. शेजारचा पोचू कुंपणावर हात टेकून उभा, जणू काही ऑपरेशन व्हायचं आहे. मी बॉनेट उघडलं आणि मला पहिलं आश्चर्य वाटलं. वर्षभर उभी असलेली गाडी अशी नसते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी नाही, उलट ग्रीस लावलेलं. रेडिएटरात पाणी. बेल्टवर धूळ नाही. मी विचारलं, बाई, हिला कोण बघतं? तर म्हणे, "कोण पाह्यते! मीच दर बुधवारी चालू करून ठेवतो जी. ते सांगून गेले ना, बॅटरी बसू देजो नोको म्हणून." मग आता काय झालं? "आता कायची चालू होते! वय झालं तिचं," असं म्हणून ती आत गेली.

चावी फिरवली. स्टार्टर कसा, खणखणीत. इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलचा पाइप काढून पाहिला, पेट्रोल येतंय, वासही ताजा. राहिली ठिणगी. प्लग काढला, बॉडीला टेकवला, आदेशला म्हटलं फिरव चावी. ठिणगी नाही. आणि इथं माझ्या कानांनी एक वेगळंच काही ऐकलं, राजदीप. स्वयंपाकघरात तुझी आई भांडी आवरत होती. चावी फिरली की भांड्यांचा आवाज बंद. इंजिन न पेटता थांबलं की भांडी पुन्हा वाजायला लागायची. मी मुद्दाम परत फिरवायला सांगितलं. परत तेच. आत कोणीतरी श्वास धरून ऐकत होतं. आणि माणूस गाडी सुरू व्हावी म्हणून श्वास धरतो की होऊ नये म्हणून, एवढं समजायला मेकॅनिक असावं लागत नाही.

तेव्हा मला लहानूची सवय आठवली. तू लहान होतास, तुला माहीत नसेल. त्या काळात धानोऱ्यात दारात गाडी उभी ठेवायची म्हणजे झोप गहाण. कोण कधी रात्री येऊन काय कामाला नेईल याचा नेम नसायचा, आणि लग्नसराईत तर पाहुणेच न विचारता घेऊन जायचे. म्हणून तिथले ड्रायव्हर गाडी लावली की डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतला रोटर काढून खिशात टाकायचे. अंगठ्याएवढा काळा तुकडा, तोच सगळ्या प्लगांना ठिणगी वाटतो. तो नसला तर चावी असून काही उपयोग नाही. लहानू तो घरी आणून तांदळाच्या कोठीत खुपसायचा आणि तुझ्या आईला म्हणायचा, गाडी झोपवली. मी टोपी उघडली. रोटर नव्हता.

मी टोपी लावून टाकली. आदेशला म्हणालो, भाऊ, ही गाडी काही चालू होणार नाही, आजही नाही, उद्याही नाही. हे मी खोटं बोललो असं मला अजून वाटत नाही. तो बिचारा हिरमुसला, "नुसती ढकलून नेऊ का काका, नाहीतर टोचन करून ओढत?" म्हणाला. मी म्हटलं, नवरीला ढकलत नेशील का? पोचू एवढा हसला की कुंपण हललं. आदेश चहा पिऊन गेला. त्याचा बयाणा परत पाठव, त्याला बल्लारपूरकडची दुसरी गाडी मी दाखवतो.

तो गेल्यावर तुझी आई माझ्यासाठी चहा घेऊन आली. बशीत कपाशेजारी रोटर. त्याला दोन तांदूळ चिकटलेले. मग मोहफुलं उलथवता उलथवता, माझ्याकडे पाठ करून बोलायला लागली. "राजदीप वाईट नाई जी. संघप्रिया तर सून असून पोटच्या पोरीसारखी. दोन महिने राह्यलो ना मी तिकडं, पाणीसुद्धा हातात आणून देते. पण भाऊ, सारे मले जपते, कामाले कोणी हाक मारत नाई. इथी पोचूच्या घरी भांडण झालं तरी मले बोलावते, कोणाची पोरगी बाळंत झाली तरी मले बोलावते, लोणचं नासलं तरी बायनाबाई, जरा पाह्यजा. तिथी मी खिडकीत बसून राह्यतो. नातीनं सांगितलं, आजी, 'मले' नाही, 'मला' म्हण. तवापासून बोलतानी अडकून राह्यलो मी." मी म्हटलं, मग राजदीपला सांगायचं ना सरळ. तर म्हणे, "कसं सांगू? बाप गेला त्याचा, मले जपायले निघाला, त्याले काय तोंडावर नाई म्हणू? तो फोनवर पुसते, अन् माह्या तोंडून 'बरं बाबा' निघून जाते."

बीपीचं म्हणशील तर पोचूची सून नंदिनी आशा वर्कर आहे, कुंपणापलीकडून येऊन मोजून जाते. माझ्यासमोर मोजलं. बरं होतं, आदेश गेल्यानंतर तर फारच बरं. तुझी काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. मीही एक मुलगी हैदराबादला दिली आहे, अरीबा. तिचा फोन एक दिवस आला नाही की मी गिऱ्हाइकांवर ओरडतो. जपावंसं वाटणं वेगळं आणि जपलेल्या माणसाला श्वास घेता येणं वेगळं, एवढंच.

निघताना तिनं माझ्याकडून वचन घेतलं. "राजदीपले फोन करून सांगू नोका, भाऊ. पोराले वाईट वाटन." मी म्हटलं, फोन करणार नाही. माझ्या वचनाला मी पक्का आहे, म्हणून हे पत्र. तिनं पत्राचं नाव काढलं नव्हतं. आता माझं एवढं ऐक. चार दिवस सुट्टी काढून धानोऱ्याला ये, गिऱ्हाईक सोबत आणू नको. सकाळी तिच्याबरोबर मोह वेचायला जा, आणि तिथंच, तिच्या तोंडाकडे बघून विचार, तुला कुठं राहायचं आहे. फोनवरचं 'बरं बाबा' धरू नको. ती पुण्याला यायचं म्हणाली तर मी स्वतः तिला सोडायला येतो आणि घराला कुलूप मीच लावतो. रोटर मी बसवून पाहिला होता. अर्ध्या फेऱ्यात इंजिन पेटलं, आम्ही दोघं थोडा वेळ ते ऐकत बसलो. मग मी रोटर काढून तिच्या हातात परत दिला. रविवारी संध्याकाळी गाडी दारातून हललेली असेल असं तुला सांगितलं होतं. ती हललेली नाही.

तुझाच,
गफ्फारकाका