चाप

६ फेब्रुवारी १९७४, बुधवार
खिदिरपूरच्या क्वार्टरमधला पहिला हिवाळा आज सारखा आठवतोय. कोळशाची शेगडी पेटेना, धुराने माझे डोळे लाल. हे ऑफिसला निघालेले. बूट घालूनच खाली बसले, फुंकणी घेतली आणि एका दमात निखारे फुलवले. म्हणाले, "शाळेतल्या नन्सनी तुला नुसत्या मेणबत्त्या विझवायला शिकवलेलं दिसतंय." सत्तावीस वर्षं झाली. एवढा दम होता त्या छातीत.
आता तिच्यात यंत्र हवा भरतंय. गेल्या बुधवारी गोदीत शिडीवरून पडले, मांडी मोडली. तिसऱ्या दिवशी धाप लागली. मोडक्या हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसांत गेली म्हणे. गळ्याला भोक पाडून नळी. बोलणं बंद. पाटीवर लिहितात, तेही क्वचित.

७ फेब्रु., गुरु.
धाकट्या डॉक्टरांनी नीट समजावलं. श्वास बाहेर पडायची नळी एका बाटलीत, पाण्याखाली. जितकी खोल, तितका दाब श्वास सोडल्यावरही आत राहतो, फुफ्फुसं मिटत नाहीत. बाटलीवर चिकटपट्टी, तिच्यावर शाईच्या रेघा. पाच, दहा, पंधरा सेंटिमीटर. सध्या पाच. ह्यांचे ओठ निळे.
धाकटे म्हणतात दहा करू. मोठे डॉक्टर म्हणतात, दहाला रक्तदाब उतरेल, फुफ्फुससुद्धा फुटेल. मी धाकट्यांना विचारलं, तुमचं कोणी असतं तर? "दहा, मासिमा." मला ते मावशीच म्हणतात. मोठ्यांनी ऐकलं. "हे डॉक्टरी मासिकं फार वाचतात," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.
शेवटी ठरलं: आणखी बिघडलं तर वाढवायचं, पण घरच्यांची सही घेऊन.

८ फेब्रु., शुक्र.
पुण्याहून भाऊजी आले. धाकटे दीर, पण ह्यांच्यापेक्षा म्हातारे दिसतात. स्टेशनवरून थेट हॉस्पिटलात. "वहिनी, आठवडाभर बाकावर बसून आहात. घरी जा, आंघोळ करा, झोपा. मी आहे ना."
मी गेले. झोपलेही.

९ फेब्रु., शनि.
सकाळी दहा वाजता पोचले. ह्यांचे ओठ जांभळे, नखंसुद्धा. नळी पाचवरच.
धाकट्या डॉक्टरांना म्हटलं, वाढवणार होतात ना? ते गोंधळले. "काल संध्याकाळी तुमच्या दिरांना विचारलं. दोनदा. ते नाही म्हणाले."
भाऊजी शेजारीच. "मग! त्यांची ती हिंदी. म्हणे, और चाप देना पड़ेगा. मी म्हटलं, चाप-बीप बिलकुल नहीं! दादाचे हात आधीच बँडेजने पलंगाला बांधलेत, वर आणखी चाप कसला लावता? वेडा आहे का तो?"
आमच्या लेकीने, नीलाने, माझा हात घट्ट धरला. ती इथली, इथे वाढलेली. तिला माझ्याआधी कळलं.
इथे बंगालीत दाबाला चाप म्हणतात. मी इतकी वर्षं बाजारात, बसमध्ये हाच शब्द वापरते.
सही केली. साडेदहाला नळी दहाच्या रेघेवर. सोळा तास गेले मधे. कुणी चुकीचं ऐकलं नाही, दोघांनाही आपापल्या परीने सगळं समजलं. आणि मी उशीला कुशीत घेऊन छान झोपले होते.

१० फेब्रु., रवि.
सकाळी ओठांवर जरा रंग. नर्सने हात सोडला तेव्हा पाटीवर लिहिलं, "चहा." मी रडले, नर्स हसली.
दुपारी रक्तदाब उतरला, सलाइन वाढवलं. मोठे डॉक्टर: "मी सांगितलं होतं." जणू पैज लागली होती. संध्याकाळी ओठ परत निळे. आता दहा पुरत नाही.
धाकट्यांना बाजूला घेऊन विचारलं, शुक्रवारीच दहा केलं असतं तर? ते बराच वेळ हात धूत राहिले. "सांगता येत नाही, मासिमा."
हे एक वाक्य आता जन्मभर.
भाऊजी जेवत नाहीत, दाराशी बसून असतात. नव्या नर्सला सांगत होते, "हमने भैया को बाँधने नहीं दिया." अभिमानाने. मला तिथून उठावं लागलं.

११ फेब्रु., सोम.
पंधरासाठी सही केली. डावं फुफ्फुस फुटलं तर छातीत घालायची नळी उशाशी तयार ठेवलीय. ह्यांना सांगितलं, "आज आणखी खोल." डोळे मिटून उघडले. ते हो होतं की काय, कुणास ठाऊक.
नीला, ऐनवेळी मला बोलता आलं नाही तर, म्हणून लिहून ठेवते.
बाबांची दुर्बीण तुला. लोकरीचा लांब कोट धाकट्या डॉक्टरांना. या थंडीत ते नुसत्या सुती शर्टावर असतात. त्यांना मोठा होईल, होऊ दे. मोठ्या डॉक्टरांना आभाराचं पत्र, इंग्रजीत, चार ओळींचं. ते मी लिहीन, तू लिहिलंस तर खरं लिहिशील.
आजोबांचं घड्याळ भाऊजींना. त्यांचा हक्कच आहे. घड्याळाबरोबर दुसरं काही द्यायचं नाही. चापाचा अर्थ तर नाहीच. तो माझ्याकडे राहील.
आज सकाळपासून दोनदा ओठांवर आला होता.