कागद गिरणीचे शेअर

पाइन पोर्टेज, ऑंटारियो
१२ मार्च १९९८

ती. आर्वोदादास,
लेम्पीचा सा. न. वि. वि.

इकडे बर्फ अजून खिडकीला टेकलेला आहे. परवा सौनाचं, आपल्या वाफेच्या न्हाणीघराचं दार फावड्याने मोकळं केलं. गावात सध्या एकच विषय. आपला रेमंड म्हणतो, कंपनी कागद गिरणीला टाळं लावून जंगलाचे हक्क विकणार आहे आणि आता सगळं शेअरवाल्यांच्या मतावर आहे. मी अठरा वर्षं इथे कागद गुंडाळतोय आणि मामा टोरांटोत बसून त्याच गिरणीचे शेअर गुंडाळतोय, असं तो हसत म्हणाला; पण ते हसू काही खरं नव्हतं. तू विरोधात मत द्यावंस असं त्याचं म्हणणं आहे. मीही तेच लिहिते.

गुडघ्याला शेक देत जा. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
लेम्पी

टोरांटो
२१ मार्च १९९८

चि. लेम्पीस अ. उ. आ.

बातमी खरी आहे. आधी कळवलं नाही, कारण लाज वाटली. ठराव जाहीर झाला त्या दिवशी नऊ डॉलरचा शेअर साडेतेरावर गेला. दोन वर्षं ट्राम चालवून शिल्लक पडलं नसतं तेवढं मला एका दुपारी न्हाव्याच्या खुर्चीत बसून मिळालं. सव्वीस वर्षं लाभांशाचा प्रत्येक डॉलर मी त्यातच परत घातला. सत्त्याऐंशीच्या पडझडीत आमच्या डेपोतले सगळे विकत सुटले, तेव्हाही मी धरून बसलो.

माझे तीन हजार शेअर म्हणजे तळ्यात चमचाभर पाणी. तरी सभेला स्वतः जाणार आहे. रेमंडला सांग, मामाने कोट इस्त्रीला टाकलाय.

लोभ ठेव, त्याचा भाव मात्र वर-खाली होऊ देऊ नकोस.

आर्वो

टोरांटो
३० एप्रिल १९९८

चि. लेम्पीस अ. उ. आ.

सभा काल झाली. मोठं हॉटेल, चांदीच्या किटलीत कॉफी. मी उभा राहून विचारलं, की गावातल्या चारशे माणसांनी सोमवारी सकाळी उठून कुठे जायचं. अध्यक्षांनी मान हलवली, इतक्या वर्षांच्या विश्वासाबद्दल माझे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हटलं, आजोबा, तक्रार कसली करता, तुमची तर चांदी झाली. ठराव शंभरात एक्क्याण्णव मतांनी पास.

आज सकाळी सगळे शेअर विकले. अर्धे पैसे रेमंडला पाठवतो. ज्यांनी होकार भरला त्यांनी आपलं गाव डोळ्यांनी पाहिलेलं नसणार. माणूस असं करूच कसं शकतो?

राग तुझ्यावर नाही. माया आहे तशीच धरून चाल.

आर्वो

पाइन पोर्टेज
९ मे १९९८

ती. आर्वोदादास सा. न. वि. वि.

पैसे पाठवू नकोस. रेमंडला थंडर बेच्या रेल्वे यार्डात काम लागलं. शिव्या देत गेला, पण गेला.

दादा, एक सांगायचं राहिलंय. एइनोच्या गिरणीतल्या पगारातून बावीस वर्षं कापून घेतलेले शेअर तो गेल्यावर माझ्या नावावर झाले. मार्चअखेरीस मतपत्रिका आली. मी होकारावर खूण केली आणि टपालात टाकली. आधीचं पत्र लिहिताना रेमंड समोर बसला होता. त्याच्यादेखत दुसरं काय लिहिणार?

एइनोची छाती त्या गिरणीतल्या वाफेने गेली. शेवटच्या हिवाळ्यात त्याला बसूनच झोपावं लागे. यंदा रेमंडलाही बापासारखाच खोकला सुरू झाला. कितीदा सांगितलं, सोड म्हणून. गिरणी चालू असेतो तो हलला नसता. पलीकडच्या घरातली मार्ता रोज रडते. तिच्या नवऱ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण काम देणार? मी तिच्याकडे पुल्ल्याचा गोड पाव भाजून नेते आणि मान खाली घालून परत येते.

आता माझे शेअर ठेवू की विकू, तेवढं कळव. रेमंडला यातलं काही कळवू नकोस. आणि जमलं, तर पत्र पूर्वीसारखंच लिहीत जा.

लेम्पी