ओसाकातला एक दिवस

उइटहॉर्न, नेदरलँड्स

ती. आईस संहिताचा नमस्कार.

आम्ही तिघं बरी आहोत. थंडी सरली, मुलं पुन्हा सायकलने शाळेत जातात. तुझा गुडघा कसा आहे?

निहारला जाऊन आठच महिने झाले, वर्षाच्या आत जपानची सहल कसली, असं सुचेतामावशी परवा फोनवर म्हणाली. त्याचं उत्तर तुला लिहिते. निहारचा सख्खा भाऊ डिसेंबरात गोव्याला जाऊन आला. त्याला कोणी काही बोललं नाही. वर्ष फक्त बायको-मुलांनीच पाळायचं का?

ओसाकातला तो दिवस निहारनेच आखला होता. सकाळी मत्स्यालयातला मोठा शार्क, दुपारी डबा, मग शेजारचा उंच पाळणा. मी त्यात काहीही बदलणार नाही. तिथल्या सुपातसुद्धा मासे असतात, म्हणून दशम्या नेणार आहे. तीन दिवस टिकतील ना?

मावशीचा फोन स्पीकरवर होता. जेवताना ईशान म्हणाला, "आई, तिकडे हसलं तर चालेल?" आठ वर्षांच्या मुलाने हे विचारावं?

त्याला मी हो म्हटलंय. मावशीला तू सांग.

तुझी,
संहिता